गव्याच्या मागावर, गाईच्या खुणांनी

पहाटे ४.३०

ऊन चढायच्या आत रानात पोचायचं असतं. गव्याच्या ताज्या शेणावर एक ओलसर चकाकी असते. आतड्याच्या अस्तरातून घासून निघालेल्या पेशी त्या चकाकणाऱ्या थरात असतात आणि मला हव्या असतात त्या तेवढ्याच. बाकीचा सगळा पो म्हणजे चावलेलं गवत, पाला आणि कोट्यवधी जिवाणू. ऊन लागलं की त्या पेशींमधलं डीएनए तुटत जातं, पाऊस पडला तर वाहूनच जातं. म्हणून पावसाळ्यात हे काम बंद असतं, उन्हाळ्यात अर्धंमुर्धं होतं आणि माघातल्या थंडीत खऱ्या अर्थानं चालतं.

राधानगरीतल्या भाड्याच्या खोलीत सॅक भरायचा क्रम ठरलेला आहे. हातमोजे, एकेका पाकिटातले निर्जंतुक स्वॅब, अल्कोहोल भरलेल्या छोट्या ट्यूबा, जीपीएस, फूटपट्टी, वही. लिहायला पेन्सिलच. अल्कोहोलचा थेंब सांडला की पेनची शाई पसरते, आणि नमुन्याचा क्रमांक गेला की नमुना असून नसल्यासारखा.

दाजीपूरच्या जंगलात गवे किती, त्यांत नर किती नि माद्या किती, कोण कुणाच्या नात्यातलं, उत्तरेकडच्या चांदोली-कोयनेतल्या आणि दक्षिणेकडच्या आंबोली-तिळारीतल्या गव्यांशी इथल्या गव्यांची सोयरीक अजून टिकून आहे का, हे प्रश्न घेऊन मी इथं येते. ही उत्तरं शोधायची अवजारं कुणी गव्यासाठी घडवलेली नाहीत. ती घडली गाईसाठी, तीही बहुतेक दुधाच्या आणि मांसाच्या धंद्यातून. गाईची अवजारं गव्याला चालतात, पण ती कुठं बसतात आणि कुठं बसत नाहीत हे ज्याला माहीत नाही, त्याला गव्याच्या नावानं गाईचीच माहिती मिळते. माझा सगळा दिवस या एका काळजीत जातो.

पहाटे ५.४५

दाजीपूरचा नाका. वनरक्षक कंदिलाएवढ्या उजेडात परवानगीचं पत्र पुन्हा वाचतात, नोंदवहीत नाव, वेळ, सोबतचा माणूस लिहून घेतात. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२च्या पहिल्या अनुसूचीत गवा आहे, त्यामुळे त्याच्या शेणालाही कागदाशिवाय हात लावता येत नाही. हे रान एकेकाळी कोल्हापूर संस्थानची शिकारीची जागा होतं. १९५८ साली दाजीपूर गवा अभयारण्य जाहीर झालं, महाराष्ट्रातलं ते पहिलं. १९८५ साली ते वाढून राधानगरी अभयारण्य झालं, आता ते ३५१ चौरस किलोमीटर आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली जी स्थळं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली, त्यांत राधानगरीही आहे.

रानात माझ्या सोबतीला येणारे मामा नाक्यावर आधीच येऊन बसलेले असतात. त्यांचं गाव रानाच्या कडेला आहे आणि जन्म या सड्यांवर गेलेला. मी पहिला प्रश्न विचारते तो रोजचाच.

“मामा, धार काढून आलात?”

“काढल्याशिवाय कसं यायचं ताई? म्हस आणि गाय दोन्ही काढली. साबणानं हात धुतलेत, बगा.”

तरीही मामा ट्यूबांना हात लावत नाहीत. गाईला शिवलेल्या हातावर गाईचं डीएनए असतं. गव्याच्या शेणातलं डीएनए थोडं आणि तुटकं, गाईचं ताजं आणि भरपूर. दोन्ही एका ट्यूबेत गेली, तर गाईसाठी घडवलेली रसायनं आधी गाईलाच उचलतील. मामा फूटपट्टी धरतात, वाट दाखवतात आणि शेण केव्हाचं ते सांगतात. त्या शेवटच्या कामात मला अजून त्यांच्या जवळपासही जाता आलेलं नाही.

उजाडता उजाडता राखी रानकोंबडा आरवतो. गावठी कोंबड्यापेक्षा त्याची बांग तुटक, खरखरीत. घरच्या कोंबड्यांचा पूर्वज तांबडा रानकोंबडा, असं चार्ल्स डार्विन सांगून गेला. २००४ साली कोंबडीचा जो पहिला जनुकसंच वाचला गेला, तोही तांबड्या रानकोंबडीचा होता. तो संच हाती आल्यावर स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली एक गोष्ट दाखवून दिली. जगभरच्या पोल्ट्रीतल्या कोंबड्यांची कातडी आणि पाय ज्या जनुकामुळे पिवळे होतात, तो जनुकाचा तुकडा तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नाही. तो आला या राखी रानकोंबड्याकडून, जो मुख्यतः आपल्या दख्खनेत आणि सह्याद्रीत राहतो. पाळीव प्राण्याचं अवजार घेऊन रानातल्या भाऊबंदाकडे गेलं, की कधी कधी पाळीव प्राण्याचाच इतिहास दुरुस्त होतो. दाजीपूरच्या झाडीत हा आवाज आला की मला ते आठवल्याशिवाय राहत नाही.

सकाळी ६.३०

सावराई सड्याच्या अलीकडे वाट कारवीतून जाते. जांभ्याची तांबडी माती दवानं दबलेली असते, त्यामुळे खूर छान उमटतात. मामा पुढे, मी मागे. बोलायचं नाही, एवढा एकच नियम.

मामा थांबतात, वाकतात, बोटानं दाखवतात. वाटेच्या उजव्या अंगाला पो पडलेला. एकावर एक घड्या पडल्यासारखा, कडेनं अजून हिरवट, वर चकाकी.

“ह्यो पहाटंचा हाय ताई. बगा, माशा आत्ता कुठं याय लागल्यात. आणि शेणकिडा अजून एक बी न्हाई.”

मी नवे हातमोजे घालते. आधी फूटपट्टी ठेवून फोटो, मग जीपीएसची नोंद. जमिनीला टेकलेला भाग घ्यायचा नाही, कारण तिथं मातीतले जिवाणू चढलेले असतात. माथ्यावरचाही नको, तिथं सगळ्यांत आधी ऊन पोचतं. घ्यायची ती कड. स्वॅबचा कापूस कडेच्या चकाकीवर हलकेच टेकवून गोल फिरवायचा, दाबायचा नाही. दाबला की आतला पाला लागतो, आणि पाल्यातली द्रव्यं पुढे प्रयोगशाळेत अभिक्रिया अडवून धरतात. कापसावर फिकट हिरवा, थोडा बुळबुळीत थर आला की पुरे. स्वॅबची काडी मोडून कापसाचं टोक ट्यूबेत सोडायचं, झाकण घट्ट करायचं, ट्यूब हलवायची. त्याच पोचा दुसरा नमुना दुसऱ्या कडेनं. मग हातमोजे उलटे काढून पिशवीत. पुढच्या पोला नवे.

याच वाटेनं पलीकडच्या वाड्यांची जनावरंही कधी कधी चरायला येतात. गव्याचा पो मोठा असतो हे खरं, पण गव्याची पाडी आणि दणकट म्हैस यांच्या शेणात नजरेनं फरक करता येईलच असं नाही. म्हणून प्रत्येक नमुना आधी एका चाचणीतून जातो. त्यात माइटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचा छोटा तुकडा वाचतात. आईकडून येणारा हा तुकडा गाय, म्हैस, गवा, सांबर यांच्यात ठरावीक ठिकाणी वेगळा असतो. गवा निघाला तरच नमुना पुढे जातो.

मामा दुसऱ्या पोपाशी उकिडवे बसलेले असतात. “ह्यो न्हाई घ्यायचा,” ते म्हणतात. “कालचा हाय. वरनं वाळलाय, आतनं शेणकिड्यानं भोकं पाडलीत.” मी घेत नाही.

सकाळी ८

कळप सड्याच्या उतारावर दिसतो, बराच लांब. माद्या तपकिरी, वासरं फिकट, कडेला एक नर जवळजवळ काळा, पाठीवर वशिंडासारखी उंच कड आणि चारी पायांत पांढरे मोजे. वाढलेला नर एक टनापर्यंत जातो. वारा आमच्याकडून फिरतो, नर मान वर करून फुसकारा सोडतो आणि सगळा कळप झाडीत वळतो. पळत नाही, नुसता वळतो.

लोक विचारतात, शेणच का? रक्त घ्या, नीट डीएनए मिळेल. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूडच्या महात्मा सोसायटीत गवा शिरला होता. गर्दी, पाठलाग, भुलीचं इंजेक्शन, आणि पकडल्यानंतर काही वेळातच तो मेला. एवढं मोठं दिसणारं जनावर भीतीनं आणि धावपळीनं किती लवकर कोसळतं, ते त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्रानं टीव्हीवर पाहिलं. तो कुठल्या रानातून निघाला होता, हा प्रश्न मला तेव्हापासून टोचतो. सह्याद्रीतल्या ठिकठिकाणच्या गव्यांचा जनुकीय नकाशा हाती असता, तर तो कुठल्या कळपातला होता हे सांगता आलं असतं. तो नकाशा जिवंत गव्याला हात न लावता तयार होऊ शकतो. त्यासाठीच हे शेण.

सकाळी ९.३०

ठक्याच्या वाड्याकडच्या वाटेवर एका हिरड्याच्या सावलीत न्याहारी. मामांच्या फडक्यात ज्वारीची भाकरी, ठेचा आणि कांदा. माझ्या डब्यात पोहे, ते दोघांत संपतात.

मामा आज विचारतात, “गव्याच्या शेणात गाईचं काय बगता, त्ये नीट सांगा की एकदा.”

मी सांगते. जनावराच्या डीएनएत काही जागा अशा असतात की तिथं दोन-तीन अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. कुणात बारा वेळा, कुणात पंधरा वेळा. अशा जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. वासराला त्यातली एक आवृत्ती आईकडून, एक बापाकडून मिळते. दहा-बारा जागांवरचे आकडे एकत्र मांडले की प्रत्येक जनावराचा संच वेगळा निघतो आणि बाप कोण तेही ठरवता येतं. वळूंचं रेत विकणाऱ्या संस्थांना नेमकं हेच हवं होतं. वासरू खरंच त्या नावाजलेल्या वळूचं आहे ना? म्हणून गाईत अशा जागा शोधण्यावर जगभर खर्च झाला. त्यांच्या नावांवरूनही त्या कुठं सापडल्या ते कळतं. ईटीएच-१०, ईटीएच-२२५ या झुरिकच्या तंत्रविद्यापीठातल्या, आयएनआरए-२३ फ्रान्सच्या कृषी संशोधन संस्थेतली. जागतिक अन्न आणि कृषी संघटनेनं गाईंच्या जातींची तुलना करायला अशा ३० जागांची यादीच दिलेली आहे.

अशी जागा उचलायची तर तिच्या दोन्ही बाजूंच्या अक्षरांना चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे, म्हणजे प्रायमर, लागतात. या बाजूंची अक्षरं फार सावकाश बदलतात. गाय आणि गवा यांच्या वाटा लाखो वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, तरी पुष्कळ ठिकाणी ती अजून तशीच आहेत. म्हणून गाईचे प्रायमर गव्याला चिकटतात. याकला चिकटतात, गव्याच्या पाळीव भाऊबंदाला, मिथुनलाही चिकटतात.

“पर गवा तर म्हशीवानी दिसतोय,” मामा म्हणतात.

दिसतो, पण म्हैस या घराण्यात लांबची. गवा गाईच्या शेजारचा. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रं, आपल्याकडच्या गव्याच्या पेशीत ५८, कारण गाईत सुटी असणारी दोन गुणसूत्रं गव्यात एकमेकांना जोडली गेली आहेत. एवढ्या जवळिकीमुळेच १९८१ साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात एका होल्स्टीन गाईच्या पोटी रोपण केलेल्या गर्भातून गव्याचं वासरू जन्मलं. २००१च्या जानेवारीत तर अमेरिकेतल्या आयोवात गव्याच्या कातडीच्या पेशीपासून केलेला क्लोन गाईच्या पोटी जन्मला. त्याचं नाव नोआ. दोन दिवसांत तो हगवणीनं गेला. तो प्रयोग जगभर गाजला, पण रानातल्या गव्यांना त्याचा काही उपयोग झाला असं मला वाटत नाही. ईटीएच-१० सारख्या कुणाला ठाऊक नसलेल्या जागांनी रानातल्या प्राण्यांचं त्याहून कितीतरी अधिक भलं केलंय.

वाघाचंच बघा. १९९९ साली मेरिलिन मेनॉटी-रेमंड आणि सहकाऱ्यांनी घरातल्या मांजराच्या शेकडो मायक्रोसॅटेलाइट जागा प्रसिद्ध केल्या. माणसाच्या रोगांचा अभ्यास हा त्यामागचा एक हेतू होता. पुढे भारतात वाघाच्या विष्ठेतून एकेक वाघ ओळखायला याच जागा वापरल्या गेल्या. मेळघाट, पेंच, ताडोबातले वाघ मधल्या शेतांतून आणि गावांजवळून एकमेकांच्या रानात जातात, याचा जनुकीय पुरावा त्यातून मिळाला. विदर्भातल्या रानकुत्र्यांवर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या संशोधकांनी २०१९ साली काम प्रसिद्ध केलं, त्यात पाळीव कुत्र्याच्या जागा आधी रानकुत्र्यावर तपासून, चालतील तेवढ्याच निवडल्या. या तपासण्याला मी फार मान देते.

दुपारी १२.१५

ऊन वर आलं, नमुने संपले. परतीच्या वाटेवर एका धनगरवाड्यात पाण्याला थांबतो. दावणीला गावठी गाई, दोन म्हशी, कुडाच्या भिंतीला टेकून एक म्हातारे आजोबा. त्यांच्या वडिलांच्या काळी बुळकांडीनं गोठेच्या गोठे रिकामे व्हायचे, ते सांगतात. बुळकांडी गाईगुरांतून गव्यांत जायची आणि कळप साफ करायची. कर्नाटकात बंदीपूरच्या रानात १९६८ साली तेच झालं. लसीकरणानं २०११ साली बुळकांडी जगातून गेल्याचं जाहीर झालं. लाळ्या-खुरकत मात्र आहेच, आणि तीही दोघांना होते.

भाऊबंदकी अशी दोन्ही बाजूंनी असते. डीएनएच्या ज्या सारखेपणामुळे मला गाईचे प्रायमर चालतात, तेच सारखेपण रोगालाही चालतं. आजोबांच्या गाईंना वेळेवर लस टोचली गेली तर सड्यावरचा कळपही जरा सुरक्षित राहतो. धनगरवाड्यावर लस घेऊन चढणाऱ्या पशुवैद्यकाला कुणी गव्यांचा रक्षक म्हणत नाही, पण तो आहे.

दुपारी ३

खोलीवर ट्यूबा रॅकमध्ये लावून झाल्यावर पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीचा फोन येतो. मागच्या खेपेचे नमुने तिच्याकडे मशीनवर आहेत. दिवसातलं खरं भांडण आता सुरू होतं, आणि मला ते आवडतं.

तिचं पहिलं म्हणणं पाण्याच्या ट्यूबेबद्दल. प्रत्येक खेपेला एका ट्यूबेत शेणातलं काहीच घालत नाहीत, नुसतं पाणी आणि रसायनं. तिथं काही उमटलं तर सगळी खेप बाद. शेणातली द्रव्यं अभिक्रिया अडवतात, म्हणून ती मोकळी करायला बीएसए नावाचं प्रथिन घालायची पद्धत आहे. हे प्रथिन काढतात गाईच्या रक्तातून. बाटलीत गाईच्या डीएनएचा अंश राहिलेला असू शकतो. माणसाच्या, वाघाच्या नमुन्याला त्यानं फरक पडत नाही. आमच्या कामात गाईचाच प्रायमर आणि बाटलीतही गाय, म्हणजे पाण्यातसुद्धा गाय सापडायची. ती प्रत्येक नवी बाटली आधी पाण्यावर तपासते. मामांच्या हातांची मी काळजी घेते, बाटलीची ती.

दुसरं, एका जागेवर जवळजवळ प्रत्येक जनावराच्या दोन्ही आवृत्त्या सारख्या येतायत. याचे अर्थ तीन होऊ शकतात. शेणातलं डीएनए तुटकं असल्यानं दोनांपैकी एक आवृत्ती उमटलीच नसेल. म्हणून एकच नमुना तीन-चार वेळा चालवायचा आणि उत्तर जुळलं तरच धरायचं. किंवा प्रायमर जिथं चिकटतो तिथलं एखादं अक्षर गव्यात बदललेलं असेल, त्यामुळे बापाची आवृत्ती असूनही दिसत नसेल. तसं असेल तर ती जागा टाकून द्यायची, नाहीतर खरी मायलेकरं आम्ही परकी ठरवू. तिसरी शक्यता, गव्यात त्या जागी खरोखरच विविधता नसेल. पहिल्या दोन नाकारल्याशिवाय तिसरी बोलायची नाही, यावर आमचं एकमत आहे.

मग ती चिपचा विषय काढते. २००९ साली गाईचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला, डॉमिनेट नावाच्या हेरफर्ड गाईचा. २५ देशांतले सुमारे ३०० शास्त्रज्ञ त्या कामात होते. त्याच सुमारास ५४ हजारांवर जागा एका दमात वाचणारी चिप बाजारात आली. त्याच वर्षी जेरेड डेकर आणि सहकाऱ्यांनी ती चिप रवंथ करणाऱ्या ६१ प्रजातींवर वापरून त्यांची वंशावळ मांडली. आपल्याकडेही हैदराबादच्या राष्ट्रीय पशुजैवतंत्रज्ञान संस्थेनं २०२१ साली ‘इंडिगाऊ’ ही चिप काढली, गीर, कांकरेज, साहिवाल, ओंगोल अशा देशी जातींसाठी. एवढं तयार असताना आपण दहा-बारा जागांवर का अडकायचं, असा तिचा सवाल.

माझं उत्तर ठरलेलं. चिपवरच्या जागा निवडल्या त्या गाईगाईंत फरक दिसतो म्हणून. त्यातले बहुतेक फरक गाय आणि गवा वेगळे झाल्यानंतर गाईत आले. गव्यात त्या जागी सगळीकडे एकच अक्षर. गव्याचे स्वतःचे फरक दुसरीकडे आहेत आणि त्या जागा चिपवर नाहीतच. म्हणजे गाईच्या मापानं शिवलेली झूल गव्यावर टाकायची आणि उघडं राहिलेलं अंग मोजायचंच नाही, असं होतं. वंशावळ मांडायला चिप छान. इथले गवे जनुकीयदृष्ट्या किती संपन्न आहेत हे तिला विचारलं, तर ती सांगणार की फार गरीब आहेत. ते उत्तर कागदावर आलं की त्यावर निर्णय होतात. बाहेरून जनावरं आणून सोडा, नाहीतर या कळपात काही राम नाही, सोडून द्या. अवजार उसनं घेतलं की ते ज्या प्रश्नासाठी घडलं तो प्रश्नही सोबत येतो, आणि आपला प्रश्न वेगळा आहे हे सतत सांगत राहावं लागतं.

तिला हे पटतं, पण ती हटत नाही. शेणातूनच गव्याच्या डीएनएचे हजारो तुकडे थेट वाचावेत, फरक कुठं आहेत ते गव्यालाच विचारावं, गाईचा संच फक्त तुकडे लावायला वापरावा. बंगळुरूच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रातल्या संशोधकांनी मध्य भारतातल्या गव्यांवर आणि सांबरांवर विष्ठेतून असं मोठं काम केलंय. तिथं गवे सांबरांपेक्षा जास्त तुटक गटांत विभागलेले दिसले, आणि नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातल्या गव्यांची स्थिती काळजीची निघाली. हे सह्याद्रीतही व्हायला हवं, ही तिची मागणी बरोबरच आहे. राधानगरीच्या आजूबाजूला विशाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड अशी संवर्धन राखीव क्षेत्रं जाहीर झाली आहेत. नकाशावर ती हिरवी साखळी दिसते. गवे त्या साखळीतून खरंच ये-जा करतात का, हे त्यांच्या डीएनएशिवाय कोण सांगणार?

शेवटी ठरतं ते असं. नर-मादी ओळखायला गाईच्या गर्भांसाठी वापरतात ती अमेलोजेनिनची चाचणी, कारण ती गव्यालाही चालते. ओळख आणि नात्याला तपासून निवडलेल्या जागा. उत्तम टिकलेले मोजके नमुने पूर्ण वाचनाला. चिप नाही.

संध्याकाळी ५.४५

गाईचे नमुनेही लागतात, तुलनेसाठी. गव्याच्या नमुन्यात गाय मिसळली तर ती इथल्याच गोठ्यातली असणार, तेव्हा इथल्या गोठ्यांची ओळख आधी हवी. आणखीही एक कारण आहे. रानटी आणि पाळीव एकत्र फिरतात तिथं संकर होतो का, हे बघावंच लागतं. पुण्याच्या माळरानावर वेगळ्या रंगाचा लांडगा ग्रासलँड्स ट्रस्टच्या कार्यकर्त्यांना दिसला, त्यांनी केस गोळा केले आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो लांडगा-कुत्रा संकर असल्याचं सिद्ध झालं. उत्तर अमेरिकेत तर लांडग्यांचा काळा रंग फार पूर्वी कुत्र्यांकडून आलेला आहे. हे दोन्ही उलगडले ते कुत्र्याचा जनुकसंच आधी वाचलेला होता म्हणून.

धारेची वेळ. गोकुळच्या दूध संस्थेत कॅन पोचायच्या घाईत गावातल्या एक काकी गोठ्यात आहेत. संकरित गाईच्या कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडी क्रमांक. मी कडेला पडलेल्या ताज्या शेणावर स्वॅब फिरवते. ही पिशवी, हे हातमोजे, हा रॅक सगळं वेगळं. गव्याच्या ट्यूबांच्या खोलीत ते जातच नाही.

“शेणातनं काय कळतंय गं पोरी?”

“बाप कोण तेसुद्धा कळतं काकी.”

“त्यात काय कळायचंय? डाक्टरला इचार की, त्यानंच कांडी भरलीया.”

मी नमुन्यापुढे काकींनी दाखवलेल्या कार्डावरचा वळूचा क्रमांक लिहून घेते. बाप कागदावर माहीत असलेलं जनावर तुलनेला मिळणं म्हणजे मोठीच सोय, आमची पद्धत बरोबर चालते का ते त्यावर पडताळता येतं. गव्यात कुणाचाच बाप कागदावर नसतो.

रात्री ८.३०

नोंदी संगणकावर चढवून होतात तोवर दारात शेजारच्या गावातले एक शेतकरी दादा उभे. सोबत मामा. दादांच्या उसात सलग काही रात्री गवा येतोय. वाढे खातो, त्याहून जास्त तुडवतो. पंचनामा झालाय, भरपाई यथावकाश मिळेल. त्यांना वेगळंच विचारायचंय.

“ताई, मी म्हणतो रोज त्योच एक टोणगा येतोय. भाऊ म्हणतोय न्हाई, येगयेगळं येत्यात. तुमच्या त्या शेणातनं कळंल काय?”

कळेल. दिवसभरात मला कुणी विचारलेला हा सर्वांत नेमका प्रश्न. एकच नर सवयीनं येत असेल तर त्याच्या वाटेवर राखण ठेवून भागेल. वेगवेगळे येत असतील तर कळपाचीच वाट उसातून गेलीय, मग पलीकडे रानात पाणी-चाऱ्याचं काय झालंय ते वनखात्यानं बघायला हवं. दोन्हीचे उपाय वेगळे, खर्च वेगळे. आणि यासाठी पूर्ण जनुकसंच नको, चिप नको. सात-आठ चांगल्या जागा पुरतात, त्याही मूळच्या गाईच्या.

“शेण आहे का फडात अजून?”

“हाय की. आज रातीबी येणारच त्यो, उद्या ताजं घावंल.”

“मग त्याला कुणी हात लावू नका. वर पाला टाकून झाका, ऊन लागता कामा नये. आणि दादा, तुमची गाय उद्या त्या बांधावर बांधू नका.”

“न्हाई बांधत. पर साडेसहाला तोडकऱ्यांची टोळी फडात शिरतीया. त्याच्या आदी या.”

“सहाला येते,” मी म्हणते. मामा म्हणतात, “मी बी येतो. धार त्याच्यानंतर काढीन.”